बक्षिसात मिळालेली वस्तू बिघडलेली निघाली तर?

मराठीत एक जुनी म्हण आहे, "धर्माच्या गाई, दात का गे नाही?" फुकट मिळालेल्या वस्तूची खोड काढू नये, असा तिचा अर्थ. उर्दूतही दानात मिळालेल्या वासराचे दात पाहू नयेत, असे म्हणतात. म्हण चांगली आहे, माणसाला शुक्र शिकविते. परंतु तीच म्हण चुकीच्या जागी लावल्यामुळे आमच्या कारागीर आणि लहान दुकानदार बांधवांचे किती नुकसान होते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून या वेळी सूत आणि कापडाच्या भावाऐवजी हा विषय घेत आहोत.

आजकाल जवळजवळ प्रत्येक धंद्यात कंपन्या स्पर्धा लावतात. शिंप्यांसाठी उत्तम शिलाईची स्पर्धा, सुतार व रंगारी बांधवांसाठी गुण जमविण्याची योजना, दुकानदारांसाठी विक्रीचे टार्गेट. बक्षीस म्हणून शिलाई मशीन, फ्रिज, मोबाईल, ड्रिल मशीन, कधी स्कूटर. हॉल घेतला जातो, हार घातले जातात, फोटो निघतो. विजेता खोके घरी आणतो. आठ दिवसांनी वस्तू बंद पडली की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघते, "जाऊ द्या, फुकटचेच होते."

ते फुकटचे होते का? आमचे म्हणणे असे की नव्हते. या लेखात तेच समजावून सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

एका मास्टरची हकीकत

आमचे कापडाचे दुकान मालेगावात आहे. दुकानाजवळ एक टेलर मास्टर बसतात. ब्लाऊज शिवणे आणि साडीला पिको-फॉल लावणे, हाच त्यांचा धंदा. घरातील पाच माणसांची रोजी त्यावर चालते. एका अस्तराच्या कंपनीने शिंप्यांसाठी स्पर्धा लावली होती. अट अशी की कंपनीच्या अस्तराची ५० लेबले जमा करायची आणि त्याच अस्तराचा एक ब्लाऊज शिवून नमुना म्हणून द्यायचा. ज्याची शिलाई उत्तम त्याला बक्षीस. मास्टरांना दुसरे बक्षीस मिळाले, विजेवर चालणारी पिको मशीन. ही गोष्ट डिसेंबर २०२४ ची.

मशीन तिसऱ्याच दिवशी टाके सोडू लागली. मोटारही तापू लागली. मास्टरांनी ओळखीच्या मिस्त्रीला बोलावले. त्याने मोटार उघडून पाहिली, काहीतरी घट्ट केले, दोनशे रुपये घेतले. दोन दिवस मशीन चालली, पुन्हा तेच. त्यानंतर मास्टर दोन महिने गप्प राहिले. मार्च २०२५ मध्ये रमजान सुरू झाला. ज्या दिवसांत शिंप्याला जेवायला फुरसत नसते, त्या दिवसांत ते साड्या दुसऱ्याकडे पिकोला पाठवत होते आणि आपली मजुरी त्याला देत होते. आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, "सेठ, फुकटचा माल आहे, कोणत्या तोंडाने बोलू?"

आम्ही त्यांना विचारले, "मास्टर, ५० लेबलांचे अस्तर कंपनीने तुम्हाला फुकट दिले होते का?" ते आमच्याच दुकानातून पैसे मोजून गेले होते. आणि तो नमुन्याचा ब्लाऊज शिवायला एक अख्खा दिवस लागला होता.

मग आम्ही हा मामला हाती घेतला, आणि पहिल्याच पावलाला चुकलो. कंपनीच्या सेल्समनला फोन करून रागावलो. तो म्हणाला, "सेठ, आम्ही अस्तर बनवतो, मशीन नाही. मशीनवाल्याकडे जा." मशीनच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो, तर ते म्हणाले, "बिल दाखवा." बिल मास्टरांकडे नव्हते. खोक्यात वॉरंटी कार्ड होते, पण कोरे. त्यावर ना दुकानाचा शिक्का, ना तारीख, ना नाव. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे, दुसऱ्याने पहिल्याकडे. मधे उभा राहतो तो कारागीर.

शेवटी रजिस्टर पोस्टाने कंपनीच्या मुख्य कार्यालयाला पत्र पाठविले. पत्रात भांडण नव्हते, फक्त मागणी होती. तीन आठवड्यांनी खरेदी बिलाची प्रत आली. ती पाहून आम्ही चपापलो. बिलावर तारीख एप्रिल २०२४ ची होती. कंपनीने मशिनी आठ महिने आधी घेऊन गोदामात ठेवल्या होत्या, आणि एक वर्षाची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालू झाली होती. मास्टरांच्या हाती मशीन आली तेव्हाच दोन तृतीयांश मुदत संपलेली. आम्ही सर्व्हिस सेंटरवर तक्रार नोंदवली त्या दिवशी अवघे अकरा दिवस उरले होते.

तपासणीत निघाले की मशीनचे हूकच सदोष आहे. ते बदलून मिळाले. परंतु मोटार मिस्त्रीने उघडली होती, तिचे सील तुटलेले होते. म्हणून मोटारीचे पैसे मास्टरांना भरावे लागले. आणि रमजानचा सीझन तर गेलाच होता. तो कोणीही भरून दिला नाही.

या हकीकतीत जेवढे नुकसान मशीनने केले, तेवढेच संकोचाने केले. दोन महिने आधी बोलले असते तर मोटारही मिळाली असती आणि सीझनही.

भेट वेगळी, अटीचे बक्षीस वेगळे

एखाद्याने प्रेमाने आपल्याला घड्याळ दिले, तो हदिया झाला. त्यात बिघाड निघाला तर देणाऱ्याकडे तक्रार करणे शोभत नाही. पण ज्याने जाहीर केले की "अमुक करा आणि अमुक मिळवा", आणि आपण ते करून दाखविले, त्याच्यावर आपला हक तयार होतो.

आपल्या देशाचा १८७२ चा करार कायदा हेच सांगतो. लोकांसमोर ठेवलेल्या प्रस्तावाची अट कोणी पूर्ण केली, तर ती कृतीच त्या प्रस्तावाचा स्वीकार मानली जाते (कलम ८). म्हणजे स्पर्धेचे पत्रक हा प्रस्ताव, आणि मास्टरांची ५० लेबले व ब्लाऊज हा स्वीकार. दोघे मिळून करार झाला. करारात "पिको मशीन" असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ चालणारी पिको मशीन असाच घ्यावा लागेल. मशीनच्या आकाराच्या लोखंडासाठी कोणी ब्लाऊज शिवत नाही.

शरीअतच्या दृष्टीनेही हा फरक जुना आहे. खरेदी-विक्रीत मालात लपलेला ऐब निघाला तर खरीदाराला माल परत करण्याचा अधिकार आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. निव्वळ हिबामध्ये किंमत नसल्यामुळे तो अधिकार लागू होत नाही. कामाच्या अटीवर जाहीर केलेल्या इनामाला फिकहमध्ये जुआला असे नाव आहे. सूरह यूसुफमध्ये हरवलेला शाही प्याला आणून देणाऱ्यास एका उंटाचे ओझे देण्याची घोषणा आली आहे, तिचा दाखला यासाठी दिला जातो. शाफई मजहबात, म्हणजे आपल्या कोकणी बांधवांच्या मजहबात, जुआला मान्य आहे. हनफी फिकहमध्ये त्याला तशी सर्वसाधारण मान्यता नाही, पण वायदा पाळण्याची ताकीद सर्वांकडेच आहे. फतवा देणे आमचे काम नाही. बारकावे आपापल्या आलिमांकडून समजून घ्यावेत. आम्हाला इतकेच सांगायचे आहे की अटीवर मिळालेले इनाम ही खैरात नाही, आणि त्याबद्दल सभ्यपणे विचारणे ही नाशुक्री नाही.

खरेच बिघाड आहे का, आधी पाहा

तक्रार करण्यापूर्वी वस्तूशी इन्साफ करावा. शिलाई मशिनीच्या निम्म्या तक्रारी सुई-धाग्यातच सुटतात, हे प्रत्येक जुना मास्टर जाणतो. म्हणून :

१) सुई नवीन लावून पाहा. ती वाकलेली, उलटी किंवा अर्धवट बसलेली असेल तर टाका सुटणारच.

२) सुईचा नंबर कापडाप्रमाणे आहे का ते पाहा. पातळ कापडाला ११, साध्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६ किंवा १८.

३) धागा योग्य मार्गाने ओवला आहे का, हुकात कचरा किंवा तुटलेला धागा अडकला आहे का, तेल दिले आहे का, हे तपासा.

४) विजेवरील वस्तू दुसऱ्या प्लगवर लावून पाहा. पॉवरलूमच्या वस्तीत विजेचा दाब वरखाली होतो, त्याचा दोष मशिनीच्या माथी मारू नये.

इतके करूनही बिघाड राहिला, तर तो पुराव्यात उतरवा. आम्ही कापडवाले, नमुन्याच्या तुकड्यावर आमचा विश्वास. पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर गडद धाग्याने शिवण घाला, सुटलेले टाके दिसतील. त्यावर तारीख लिहून तो जपून ठेवा. मोबाईलवर मशीन चालतानाचे चित्रण करा, त्यात मशीनचा नंबर दिसला पाहिजे.

आणि एक गोष्ट गाठ बांधून ठेवा. वॉरंटीची मुदत असेपर्यंत बाहेरच्या मिस्त्रीला मशीन उघडू देऊ नका. दोनशे रुपयांचे काम मोटारीच्या किमतीला पडते.

कागद घेतल्याशिवाय खोके उचलू नये

बक्षीस घेतानाच चार गोष्टी मागाव्यात. मंचावर नव्हे, कार्यक्रम संपल्यावर, शांतपणे.

पहिली, खरेदी बिलाची प्रत. बिल आयोजकाच्या नावे असते, हरकत नाही. प्रतीवर "ही वस्तू अमुक तारखेला स्पर्धेचे बक्षीस म्हणून श्री. अमुक यांना दिली" असे लिहून सही-शिक्का घ्यावा. म्हणजे वस्तू आपल्या हाती कशी आली ते सिद्ध होते.

दुसरी, वॉरंटी कार्ड. शिक्का, तारीख, वस्तूचा नंबर. कार्डावरील नंबर आणि वस्तूवरील नंबर तिथेच ताडून पाहा. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, कार्डे बहुधा इंग्रजीत असतात. घरातील शिकणाऱ्या मुला-मुलीकडून ते वाचून घेण्यात कमीपणा नाही. त्यात तीन गोष्टी शोधायच्या : मुदत किती, ती कोणत्या तारखेपासून, आणि कोणते भाग वॉरंटीतून वगळले आहेत.

तिसरी, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून की बक्षीस दिल्याच्या तारखेपासून, याचे लेखी उत्तर. वस्तू गोदामात पडून राहिली असेल तर आयोजकाला सांगून उत्पादकाकडून मुदत वाढवून घेता येते का ते विचारावे. देणाऱ्याने नाही म्हटले तरी आपल्याला खरी मुदत समजते.

चौथी, स्पर्धेचे पत्रक. सगळे ते फेकून देतात. पण अट काय होती आणि बक्षीस काय ठरले होते, हे सांगणारा तोच एक कागद आहे. दिलेली लेबले, नमुना यांची पोहोचही त्याच्यासोबत ठेवावी.

व्यापारी बांधवांसाठी आणखी एक सूचना. धंद्याच्या नात्याने एका वर्षात २०,००० रुपयांहून अधिक किमतीचा लाभ देणाऱ्या कंपनीने त्यावर १० टक्के कर कापावा, अशी तरतूद जुलै २०२२ पासून आली. अनेकांना हा कर जाचतो. पण त्याच्या कागदावर बक्षिसाची किंमत कंपनीने स्वतः लिहिलेली असते. ज्याची किंमत लावून कर घेतला, ते फुकट होते असे मग कंपनीला म्हणता येत नाही. तो कागद जपावा.

पत्र कसे लिहावे

फोनवरचे बोलणे हवेत जाते. बिघाड दिसल्यापासून आठवड्याच्या आत पत्र जावे. एक प्रत स्पर्धा घेणाऱ्या कंपनीला, एक वस्तू बनविणाऱ्या कंपनीला. दोघांनाही कळले पाहिजे की पत्र दुसऱ्यालाही गेले आहे. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले, म्हणून आता स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोहोचल्याचा पुरावा ठेवावा. ई-मेलही करावा. मजकूर साधा असावा :

"आपल्या कंपनीने घेतलेल्या स्पर्धेत मला दिनांक अमुक रोजी अमुक बक्षीस मिळाले. पत्रकातील अटीप्रमाणे मी आपल्या मालाची ५० लेबले व शिलाईचा नमुना दिला होता. मशीनचा नंबर अमुक. ती पहिल्या आठवड्यापासून टाके सोडते. शिवणीचा तुकडा व फोटो सोबत जोडले आहेत. मशीन कोणाकडूनही उघडलेली नाही. कृपया १५ दिवसांत खरेदी बिलाची प्रत व शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड द्यावे आणि मशीन विनामूल्य दुरुस्त करून, ते शक्य नसल्यास बदलून द्यावी. या मशीनवर माझा उदरनिर्वाह आहे."

शेवटचे वाक्य रडगाणे नाही. त्याचा कायद्याशी संबंध आहे, तो पुढे सांगतो. मूळ कागद कधीही पाठवू नयेत, झेरॉक्स पाठवावी.

पत्रात प्रथम दुरुस्ती मागावी. एकच बिघाड दोन-तीन वेळा परत आला, तर बदलून देण्याची मागणी करावी. प्रत्येक वेळी सर्व्हिस सेंटरवरून जॉब कार्ड घ्यावे. जॉब कार्ड नसेल तर तीन खेपांची एकही खेप सिद्ध होत नाही.

पत्राने काम झाले नाही तर

१९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील ज्या गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत, तेवढ्याच सांगतो.

ग्राहक म्हणजे किंमत देऊन वस्तू घेणारा. पण त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही ग्राहक मानला जातो. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा मात्र ग्राहक नाही. त्यालाही एक अपवाद आहे. स्वयंरोजगारातून केवळ उदरनिर्वाह करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी कारणाची मानली जात नाही. म्हणून शिंपी, सुतार, मिस्त्री यांनी "उदरनिर्वाह" हा शब्द पत्रात लिहावा.

समोरचा पक्ष म्हणेल, "यांनी मशीनचे पैसे दिले नाहीत, हे ग्राहक कसे? आणि मशीन आम्ही व्यापारासाठी घेतली होती." त्यावर आपले उत्तर असे की स्पर्धेत प्रवेशच माल विकत घेऊन मिळाला होता, आणि मशीन ज्याने विकत घेतली त्याच्या संमतीने आम्ही ती वापरतो. हा मुद्दा वादाचा होऊ शकतो, हे लपवून आम्ही कोणाला आशा दाखविणार नाही. म्हणूनच पत्रक, बिल आणि पोहोच यांवर आम्ही इतका जोर दिला.

त्याच कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. जाहीर केल्याप्रमाणे द्यायचेच नाही अशा इराद्याने बक्षीस जाहीर करणे, योजना संपल्यावर निकालाची माहिती सहभागी लोकांपासून दडवणे, या गोष्टी त्यात आहेत. वस्तू बिघडली म्हणजे लगेच अशी प्रथा सिद्ध होत नाही. परंतु पत्रकात नवी मशीन आणि हाती जुनी रंगवलेली, किंवा पत्रकात एक मॉडेल आणि खोक्यात हलके मॉडेल असेल, तर हे कलम दाखवावे.

तक्रारीसाठी प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करावा, तेथे मराठीतही बोलता येते. कंपनीला सरकारी मार्गाने विचारणा झाली की पुष्कळ मामले तिथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. बिघाडाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार द्यावी लागते. आपण जेथे राहतो किंवा धंदा करतो त्या जिल्ह्यात ती देता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील न करता स्वतः बाजू मांडता येते.

दुकानदारांना टार्गेटचे बक्षीस मिळते, त्यांचा मार्ग थोडा वेगळा. त्यांचा व्यवहार व्यापारी असल्याने ग्राहक आयोगात ते अडतात. त्यांची ताकद कंपनीशी चालू असलेल्या खात्यात आहे. बक्षीस सदोष निघाल्याचे लेखी कळवून, वार्षिक हिशेबाच्या वेळी तो मुद्दा ठेवावा आणि तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट मागावी. मात्र बिलातून परस्पर रक्कम कापू नये. त्याने आपलीच बाजू खराब होते.

आता आपली बाजू

येथपर्यंत आम्ही कंपन्यांना बोल लावला. आता स्वतःकडे पाहू.

ईदच्या आधी आमच्या दुकानातर्फे महिलांसाठी भरतकामाची स्पर्धा घेतली जाते. एका वर्षी पहिले बक्षीस मिक्सर होते. मास्टरांचा मामला मिटल्यावर दुकानात त्याचीच चर्चा चालली होती. आमच्या काउंटरवरचा मुलगा सहज म्हणाला, "सेठ, आपल्या मिक्सरवालीचेही असेच झाले होते." विचारले, तेव्हा कळले. ज्या बहिणीला मिक्सर मिळाला होता, ती तो घेऊन दुकानात आली होती. त्यातून ठिणग्या निघत होत्या. मुलाने तिला सांगितले, "खाला, बक्षिसाला गॅरंटी नसते." ती काही न बोलता मिक्सर पिशवीत घालून निघून गेली.

जो शब्द कंपनीच्या सेल्समनने आम्हाला ऐकविला आणि ज्यावर आम्ही इतके तापलो, तोच शब्द आमच्या गादीवरून एका गरीब बाईला ऐकविला गेला होता. त्या मुलाला दोष देऊन उपयोग नव्हता, आम्ही त्याला दुसरे काही शिकविलेच नव्हते. मिक्सरचे बिल आमच्याच फाईलमध्ये पडून होते. दोन वर्षांच्या वॉरंटीतील काही महिने शिल्लक होते. आम्ही स्वतः तिच्या घरी गेलो, माफी मागितली, मिक्सर आणून बदलून दिला. एका फोनचे काम होते.

रसूलुल्लाह (सल्ल.) बाजारातून जाताना एका धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतून ओल लागली, हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पावसाने भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, हा त्या व्यापाऱ्याला विचारलेला प्रश्न होता. बक्षिसाचे खोके हाही एक ढीगच आहे. वरचा कागद चमकदार असतो, आत काय आहे ते देणाऱ्याने पाहिले पाहिजे.

जे दुकानदार बांधव बक्षिसे देतात त्यांच्यासाठी म्हणून काही नियम :

१) बक्षिसाची वस्तू पक्क्या बिलानेच घ्यावी. भेट म्हणून दिलेल्या मालावर जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणून काही बांधव विचार करतात की बिल कशाला? पण बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही. वाचलेले चार पैसे विजेत्याच्या खिशातून जातात.

२) वस्तू कार्यक्रमाच्या जवळ खरेदी करावी. आठ महिने आधी घेतलेल्या वस्तूची वॉरंटी गोदामातच संपते.

३) देण्यापूर्वी खोके उघडून वस्तू चालवून पाहावी.

४) बिलाची प्रत, शिक्का मारलेले कार्ड आणि सर्व्हिस सेंटरचा पत्ता लिफाफ्यात घालून वस्तूबरोबरच द्यावा. कोणी मागण्याची वाट पाहू नये, कारण गरीब माणूस मागत नाही.

५) कूपन विकून सोडत काढू नये. त्यात जुगाराचा अंश येतो आणि कायद्याचीही अडचण आहे. हुनराची स्पर्धा घ्यावी. भरतकाम, शिलाई, सुलेखन, आपल्या समाजात हुनराची कमी नाही.

६) काउंटरवरच्या मुलांना सांगून ठेवावे की बक्षिसाची तक्रार आली तर ती वहीत लिहून मालकाला सांगायची, परत पाठवायची नाही.

शेवटी

मास्टरांची मशीन आता चालते. पुढच्या स्पर्धेत त्यांनी पुन्हा भाग घेतला. बक्षीस नाही मिळाले, पण पत्रक त्यांनी बिलाच्या पिशवीत घडी घालून ठेवले होते. आम्ही पाहून हसलो, तर म्हणाले, "सेठ, मिळाले असते तर कागद आधी घेतला असता, हार नंतर."

शुक्र अल्लाहचा करावा, आणि कागद माणसाकडून घ्यावा. या दोन्हीत कोठेही विरोध नाही. ज्या बांधवांच्या घरी अशी एखादी बंद पडलेली बक्षिसाची वस्तू कोपऱ्यात पडली असेल, त्यांनी आजच तिचे कार्ड शोधून तारीख पाहावी. कदाचित अकरा दिवस उरलेले असतील.